पेस्ट एकच, ब्रश तसलेच. मग तिघांच्या हिरड्या तीन तऱ्हेच्या का?

गंगावेसकर | रविवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. धागा जरा घरगुती आहे, सांभाळून घ्या.

गेल्या रविवारी घरी मटण होतं. तांबडा, पांढरा, भाकरी, सगळा बेत. पोरगं (वय २१, इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष) ताटावर बसलं आणि पहिल्याच घासाला थांबलं. तोंड उघडेना. बोटं घालून बघ म्हटलं तर आडवी दोन बोटंसुद्धा जाईनात. डावीकडं खाली, अगदी शेवटी, हिरडी टम्म फुगलेली. गालावरून हात फिरवला तरी कळ. शेवटी पांढऱ्या रश्श्यावर भागवलं त्यानं. समोर मटण असताना रश्श्यावर भागवणं ही आमच्यात शिक्षा धरतात.

ही तिसरी खेप. आधी दोन वेळा ज्या दवाखान्यात नेलं तिथं तोंडात नीट न बघताच पाच दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या. सूज उतरली, दीड-दोन महिन्यांनी पुन्हा तेच. यावेळी दुसरीकडं नेलं. त्यांनी ओपीजी (सगळ्या जबड्याचा एक्स-रे) काढला आणि बोथट सुईच्या सिरिंजनं हिरडीच्या पदराखाली कोमट मिठाचं पाणी मारलं. आतून काय निघालं सांगू? भाकरीचा भुगा, मटणाचा एक बारीक दोरा, आणि वास असला की मी खुर्ची मागं सरकवली. डॉक्टर म्हणाले, "अक्कलदाढ अर्धी वर, अर्धी हिरडीखाली. मध्ये खिसा झालाय."

घरी आल्यावर आरशासमोर उभा राहिलो. माझा खालचा, समोरचा एक दात शेजारच्यांपेक्षा लांब दिसतो. दात वाढलेला नाही, हिरडी खाली गेलीय. थंड पाणी लागलं की सणक जाते. मी दिवसातून दोनदा घासतो, चांगलं रगडून. आणि आमची आई (७२). तिच्या दाढांची मुळं उघडी पडलीत, पण "माझ्या हिरडीतनं कधी रक्ताचा थेंब आला न्हाई" हे तिचं प्रमाणपत्र. मिश्री पन्नास वर्षांची.

एक घर, एक नळ, एक पेस्ट. तिघांचं तीन तऱ्हेचं का? जाणकारांनी सांगा.

---

तालमीतला | रविवार, रात्री ११:०५

भावा, लई मनावर घेऊ नको. आमचे आजोबा राखुंडीनं दात घासायचे आणि ८८ व्या वर्षी उसाचं कांडं दातानं सोलून खायचे. ब्रश बघितला नव्हता जन्मात. हे सगळं पेस्टवाल्यांनी लावून दिलंय.

---

उपनगरातली | रविवार, रात्री ११:२०

@तालमीतला, प्रत्येक धाग्यावर एक आजोबा निघतातच. :)

गंगावेसकर, पोराला आता कसं आहे? माझी अक्कलदाढ अशीच तीन वर्षं छळत होती. लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवून ठेवून हिरडी पांढरी पडली, साल निघाली. तो उपाय मात्र कुणी करू नका.

---

हिरडीवाली | सोमवार, रात्री ९:१५

दिवसभर खुर्चीशी उभी असते, म्हणून आत्ता लिहिते. मी दातांची डॉक्टर, त्यातही हिरड्यांची, कोल्हापुरातच. तोंड बघितल्याशिवाय निदान करणार नाही. पण तुमचं घर विद्यार्थ्यांना शिकवायला घ्यावं असं आहे, त्यामुळं राहवत नाही.

लोक हिरडी म्हणजे दाताभोवतीचं मांस समजतात. मला ती शिवण वाटते. अंगावरची कातडी काय, तोंडाच्या आतलं अस्तर काय, सगळं सलग आहे. केस आणि नखंसुद्धा ते फाडून येत नाहीत, त्यातूनच उगवतात. दात तेवढा एकटा असा, की बूड हाडात आणि डोकं अस्तर भेदून बाहेर. म्हणजे तिथं भोक आलं. बत्तीस दात तर बत्तीस भोकं. तोंडातले जंतू त्या भोकातून थेट हाडाशी पोचत नाहीत, कारण दाताच्या गळ्याशी हिरडीनं एक बारीक बंद घातलेला असतो.

हा बंद तयार होतो दात येताना. हाडात असतो तेव्हा दाताच्या माथ्यावर पेशींची पातळ टोपी असते. दात वर सरकत हिरडीला आतून भिडतो, टोपी आणि हिरडीचं अस्तर एकमेकांत मिसळतात, आणि त्या मिसळलेल्या जागेतून दात डोकं काढतो. म्हणून तर बाळाला दात येताना रक्ताची धार लागत नाही. दात आणखी वर येतो तशी ती मिसळलेली पट्टी सदऱ्याच्या कॉलरसारखी त्याच्या गळ्याशी राहते. तिच्यातल्या पेशी आठवड्याच्या आत बदलतात, इतकी ती कामाची जागा.

कॉलर आणि दात यांच्यात एक चिंचोळी फट असते. निरोगी तोंडात ती साधारण १ ते ३ मिलिमीटर खोल. आम्ही खुणा असलेली बारीक सळई घालून "दोन, दोन, तीन" असं मोजतो ते हेच. चार-पाच आकडा आला आणि रक्त आलं, की कान टवकारायचे.

आता तुमच्या मुलाकडे या. दात पूर्ण वर आला तर कॉलर गळ्याशी बसते. अक्कलदाढ साधारण १७ ते २५ च्या दरम्यान यायला बघते, तोवर जबड्यात जागा उरलेली नसते. ती अर्ध्यावर अडकते आणि माथ्यावर हिरडीचा पदर तसाच राहतो. कॉलर बसायच्या ऐवजी डोक्यावर टोपडं. त्याच्याखाली अन्न जातं, ब्रश जात नाही, जंतू माजतात, टोपडं सुजतं. सुजलं की वरची दाढ प्रत्येक घासाला त्याच्यावरच आदळते, म्हणून आणखी सुजतं. तोंड उघडेना होतं ते चावायचे स्नायू शेजारीच असल्यामुळं, ते आखडतात.

गोळ्यांनी सूज उतरते. टोपडं आणि त्याखालचा खिसा तिथंच असतो. म्हणून दीड महिन्यानं पुन्हा. या दुखण्यात आधी ती जागा धुवायची असते, ताप किंवा पसरणारी सूज असेल तर सोबत औषध. नुसती गोळी म्हणजे गटार तुंबलं असताना वरून फिनेल.

बाकी उद्या. एक गोष्ट मात्र आत्ताच: जबड्याखाली किंवा गळ्याकडं सूज उतरायला लागली, थुंकी गिळवेना, आवाज घोगरा झाला, श्वासाला त्रास झाला, तर सकाळची वाट बघायची नाही. रात्रीच मोठ्या हॉस्पिटलात.

---

गंगावेसकर | सोमवार, रात्री ९:५०

डॉक्टर, हात जोडून आभार. गटाराचं उदाहरण पोराला वाचून दाखवलं, त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. मग दाढ काढायचीच का? तो म्हणतो परीक्षा झाल्यावर बघू. बायको म्हणते ते टोपडंच कापून टाका की.

---

चप्पललाईन | सोमवार, रात्री १०:१०

वाचतोय. मस्त धागा.

---

हिरडीवाली | मंगळवार, दुपारी २:३०

(जेवणाच्या सुट्टीत.)

टोपडं कापता येतं, पण दाढेला वर यायला जागा असेल आणि ती सरळ उभी असेल तरच त्याला अर्थ. नाहीतर हिरडी पुन्हा वाढते, पैसे आणि कळा दोन्ही फुकट. दाढ आडवी असेल तर आणखी एक भानगड: ती पुढच्या दाढेच्या पाठीत घुसलेली असते आणि त्या चांगल्या दाढेच्या मागं खोल खिसा करून ठेवते. अक्कलदाढेपायी शेजारची जाते, हे मी फार वेळा बघितलंय. खालच्या अक्कलदाढेच्या मुळांजवळून ओठाला संवेदना देणारी नस जाते, म्हणून ओपीजी हातात असल्याशिवाय हो-नाही बोलू नये. आणि पूर्ण वर आलेली, स्वच्छ राहणारी, न दुखणारी अक्कलदाढ "असू दे कशाला" म्हणून काढायला सांगणाऱ्यांच्या मी विरोधात आहे.

तीन खेपा झाल्यात, त्यामुळं त्याची काढावी लागेल असा माझा अंदाज. पण ऐन सुजेत नाही. आधी धुऊन शांत करायची. परीक्षेआधी महिना असेल तर आधी उरकावं. पेपरच्या आदल्या रात्री चौथी खेप आली तर काय करणार?

आता तुमचा लांब दिसणारा दात. एक काम करा. आरशासमोर खालचा ओठ खाली ओढा. दातालगत फिकट गुलाबी, घट्ट, संत्र्याच्या सालीसारखी बारीक टिंबं असलेली पट्टी दिसेल. त्याच्याखाली एक रेघ. रेघेखाली लालसर, चकचकीत, मऊ, बारीक शिरा दिसणारं अस्तर. वरची पट्टी हाडाला आणि दाताला घट्ट बांधलेली असते. खालचं अस्तर सैल, ओठाबरोबर हलतं. घास, ब्रश, ओठाची ओढ, हे सगळं सोसायचं काम त्या घट्ट पट्टीचं. तुमच्या त्या दातापुढं ती किती उरलीय बघा, आणि ओठ हलवला की दाताशी असलेली हिरडीची कड हलते का तेही. आणि सांगा, तो दात ओळीतून थोडा पुढं आलाय का?

---

गंगावेसकर | मंगळवार, रात्री ८:४५

बरोबर ओळखलंत! मोबाईलचा टॉर्च लावून बघितलं. तो दात ओळीच्या बाहेर आहे, लहानपणापासून. शाळेत "बाहेरचा गडी" म्हणायचे. शेजारच्या दातांपुढं गुलाबी पट्टी चांगली नखभर आहे, ह्याच्यापुढं जेमतेम धाग्याएवढी, लगेच लाल भाग सुरू. ओठ ओढला की कड किंचित हलते. ओठाला जोडणारी पातळ दोरीसुद्धा बरोबर तिथंच येऊन चिकटलीय.

---

चप्पललाईन | मंगळवार, रात्री ९:०५

आमच्या भाषेत सांगू का, डॉक्टर? गुलाबी ते तळाला वादीनं शिवलेलं कातडं, आणि लाल तो मोकळा गोंडा. शिवलेलं असेल तवर पाय कितीबी आपटा. शिवण संपून गोंडा जमिनीवर घासायला लागला की चप्पल गेली.

---

हिरडीवाली | मंगळवार, रात्री ९:४०

@चप्पललाईन, पुढच्या वर्षी कॉलेजात हेच सांगणार आहे, तुमची परवानगी गृहीत धरून.

गंगावेसकर, तुमच्या दाताची कथा सहा-सात वर्षांचे असताना ठरली. दात जबड्याच्या हाडाच्या मधोमध वर आला तर चारी बाजूंनी हाड आणि हाडावर जाड हिरडी मिळते. गर्दीमुळं बाहेरच्या अंगाला आला तर पुढचं हाड कागदासारखं पातळ राहतं, कधी एवढ्याशा जागेत नसतंच, आणि वरची हिरडीही पातळ. खालचे पटाशीचे दात आणि वरचे सुळे यांच्यात हे जास्त. त्या पातळ जागी तुम्ही चाळीस वर्षं "चांगलं रगडून" आडवा ब्रश मारलात, वर ओठाची दोरी ओढत होती. शेजारच्या दातांनी तेवढंच रगडणं सोसलं, कारण त्यांची भिंत जाड होती.

सरकलेली हिरडी आपोआप वर येत नाही, कुठल्या पेस्टनं येत नाही, तेलानं येत नाही. पण तिथंच थांबवता येते. मऊ ब्रश, ४५ अंशात हिरडीच्या कडेवर टेकवून जागच्या जागी हलकं थरथरवायचं, हाताला जोर नाही, पेन धरल्यासारखा धरायचा. १९७२ साली लांग आणि लो या दोघांनी घट्ट हिरडीची पट्टी किती हवी हे तपासून २ मिलिमीटर पुरेशी असं मांडलं होतं. पुढं असंही दिसलं की सफाई उत्तम असेल तर त्याहून कमीवरही भागतं. म्हणून मी लगेच ऑपरेशन सुचवत नाही. मोजून ठेवायचं, सहा महिन्यांनी पुन्हा मोजायचं. सरकतच असेल तर ती ओढणारी दोरी सोडवतात आणि टाळूवरून पातळ तुकडा घेऊन तिथं लावतात.

---

तालमीतला | मंगळवार, रात्री १०:३०

मग आजोबांचं काय? उत्तर द्या की डॉक्टर.

---

हिरडीवाली | मंगळवार, रात्री १०:५५

आजोबांना नमस्कार. त्यांची हिरडी जाड असणार, दात ओळीत असणार, हाड दणकट असणार. जाड हिरडी रगडणं सोसते, लवकर सरकत नाही. पण जाड हिरडीचं दुखणं वेगळं: ती वरून तशीच दिसते आणि आतून दातापासून सुटत जाते. पातळ हिरडी सरकून दाखवते, जाड हिरडी पोटात ठेवते. आजोबांच्या वयाच्या ज्यांचे सगळे दात चाळिशीत हलून पडले, त्यांच्याबद्दल कुणी धाग्यावर लिहायला येत नाही एवढंच.

आणि ऊस, भाकरी खाऊन त्यांचे दात झिजले असणार. तरी खालचे-वरचे एकमेकांना भिडत राहिले, कारण दात येणं विशीत थांबत नाही. झिजेल तसा तो हळूहळू वर सरकत राहतो, जन्मभर.

---

तालमीतला | मंगळवार, रात्री ११:००

पटलं. तरी राखुंडी ती राखुंडीच.

---

पुलाची_शिरोली | बुधवार, सकाळी ७:५०

"दात जन्मभर सरकत राहतो" हे वाचून दचकलो. माझी खालची उजवी दाढ आठ वर्षांपूर्वी काढली, परत बसवली नाही. आता वरची दाढ खाली लोंबल्यासारखी दिसते, तिच्याशेजारी मटण अडकतंच अडकतं, आणि तिथली हिरडी कायम दुखरी. ह्याचा संबंध?

---

हिरडीवाली | बुधवार, दुपारी २:१५

संबंध आहेच. दाताला समोर अडवणारं कुणी नाही म्हटल्यावर तो येतच राहतो. वरची खाली उतरली, खालची मागची दाढ मोकळ्या जागेत कलली, शेजारच्यांशी जुळणी बिघडली, फट पडली, घास त्या फटीत ठोकला जायला लागला. टूथपिकनं टोकरू नका, दाखवून घ्या. आठ वर्षांनी दात बसवायचा तर आधी वरचीला जागेवर आणावं किंवा कमी करावं लागतं, म्हणून काम वाढतं.

जाता जाता दोन दाढांमधल्या हिरडीबद्दल. पुढच्या दातांमध्ये हिरडीचं एक टोकदार त्रिकोणी शिखर असतं. दाढा रुंद, त्यामुळं तिथं गालाकडं एक शिखर, जिभेकडं एक, आणि मध्ये खिंड. त्या खिंडीतलं अस्तर नाजूक, बाहेरच्या हिरडीसारखं कडक झालेलं नसतं. ब्रशचा केस तिथं पोचत नाही. हिरड्यांचं बरंचसं दुखणं तिथूनच सुरू होतं. फट असेल तर बाटलीच्या ब्रशसारखा छोटा इंटरडेंटल ब्रश, फट नसेल तर फ्लॉस, म्हणजे दातांमधून फिरवायचा बारीक धागा.

---

पन्हाळ्याचा_पावसाळा | बुधवार, दुपारी ३:००

म्हणजे खिंड लढवायची म्हणा की! तीन बाजूंनी शत्रू आणि हातात एवढुसा ब्रश.

---

उपनगरातली | बुधवार, दुपारी ३:१०

कोल्हापुरात कुठलाही विषय काढा, दहा मिनिटांत पावनखिंडीला पोचतो.

डॉक्टर, माझा खरा प्रश्न राहिलाच. मुलगी सात वर्षांची. खालचे दुधाचे दोन दात पडलेच नाहीत आणि मागून दोन मोठे आले, दोन ओळी दिसतात. शिवाय पार मागं एक दाढ येतेय, तिच्यावर हिरडीचा तुकडा आणि थोडी सूज. हीसुद्धा अर्धवट दाढच का?

---

राजारामपुरी_मामा | बुधवार, दुपारी ३:४०

लहान मुलांचा विषय निघालाच आहे तर, माझ्या भाच्याचे वरचे दात आधी आले म्हणून घरात माझ्याकडं सगळे दयेनं बघतायत. मामाला जड असतं म्हणे. मी कधीपर्यंत आहे?

---

हिरडीवाली | बुधवार, रात्री ९:३०

@राजारामपुरी_मामा, भाच्याचे दात पडून पुन्हा येतील तेव्हा त्याला शाळेत सोडायला तुम्हीच जाल. खालचे समोरचे आधी येतात हे नेहमीचं, वरचे आधी येणं हा फरक, दोष नाही. एवढं मात्र खरं की दात येताना बाळाला जोराचा ताप किंवा जुलाब झाले तर "दात येतायत" म्हणून घरी बसू नका. लाळ गळणं, चिडचिड, हिरडी चावणं हे दातांचं. ताप आणि जुलाबाचं कारण दुसरं शोधावं लागतं.

@उपनगरातली, दोन ओळी सहा-सात वर्षांत फार दिसतात. कायमचे दात जिभेच्या बाजूनं येतात. दुधाचे हलत असतील तर तिला जिभेनं हलवत राहू द्या. ते पडले की जीभच मागच्यांना पुढं ढकलते. दोन-एक महिन्यांत हलेचनात तर काढून घ्या.

मागची दाढ ही सहाव्या वर्षाची कायमची दाढ. ती कुठल्याच दुधाच्या दाताच्या जागी येत नाही, सगळ्यांच्या मागं गुपचूप उगवते. म्हणून निम्मे आईबाप तिला दुधाची समजतात आणि किडली तर "पडणारच आहे" म्हणतात. ती पडणार नाही, जन्माची आहे. तिच्यावरचं टोपडं मात्र बहुतेक वेळा तात्पुरतं, कारण तिला यायला जागा असते. दाढ वर आली की ते मागं सरतं. तोवर तिची पातळी इतर दाढांपेक्षा खाली असल्यामुळं नेहमीचा ब्रश तिच्यावरून नुसता उडी मारून जातो. गालाच्या बाजूनं ब्रश आडवा घालून ती एकटी घासा, आणि तुम्ही घासा, तिच्यावर सोडू नका. दात येण्याआधी कधी हिरडीवर निळसर फुगा येतो, बहुतेक आपोआप फुटतो. सुईनं फोडायचा नाही.

वयात येणाऱ्या मुलांच्या आयांसाठीही एक. बाराव्या-तेराव्या वर्षी दात बुटके आणि हिरडी जास्त दिसते. दात वर आल्यानंतरही हिरडीची कड पुढची काही वर्षं हळूहळू गळ्याकडं सरत असते. काहींची मध्येच थांबते, मग हसताना हिरडीच दिसते आणि फट खोल राहून तिथं कीट साठतं. पण ते विशीच्या आसपास ठरवावं. चौदाव्या वर्षी लग्नाच्या फोटोची काळजी करून हिरडी कापून घेऊ नये.

---

शाहूपुरी_३री_गल्ली | गुरुवार, सकाळी ८:२०

दोन छोटे प्रश्न. १) ब्रश केल्यावर रक्त येतं म्हणून चार दिवस घासत नाही, हे बरोबर ना? २) वडिलांच्या हिरड्या दातांवर चढल्यासारख्या फुगल्यात. बीपीची अॅम्लोडिपिन चालू आहे, केमिस्ट म्हणतो त्यानं होतं.

---

हिरडीवाली | गुरुवार, दुपारी २:२०

१) उलटं. १९६५ मध्ये डेन्मार्कच्या ऑर्हुसमध्ये निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणं बंद करायला लावलं होतं. दहा ते एकवीस दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर आठवडाभरात पूर्ववत. रक्त येतं तिथंच हलक्या हातानं, पण रोज घासा. दहा-बारा दिवसांत थांबलं नाही तर दाखवा.

२) केमिस्ट बरोबर बोलला, काहींना होतं. फिट्सच्या फेनिटॉइननंही होतं. गोळी स्वतःहून बंद करू नका, बीपीच्या डॉक्टरांना विचारा, पर्याय असतात. साचलेलं कीट काढलं तरी बराच फरक पडतो. शुगरही तपासून घ्या, वाढलेली शुगर आणि हिरड्या एकमेकांना बिघडवतात.

---

कळंबा_रोड | गुरुवार, सायंकाळी ६:००

स्केलिंग केल्यानं दात हलायला लागतात आणि फटी पडतात, हे माझ्या सासूबाईंचं मत. खरं का?

---

हिरडीवाली | गुरुवार, रात्री १०:१०

फटी आधीच पडलेल्या असतात, कीट त्यांच्यात गवंड्यानं भरल्यासारखं बसलेलं असतं. ते काढलं, सुजलेली हिरडी आक्रसली, की खरी जागा दिसते. सासूबाईंना हे तुम्ही सांगू नका, मला पाठवा.

आता राहिल्या गंगावेसकरांच्या आई. मिश्री म्हणजे भाजून काळा केलेला तंबाखू. रोज त्याच जागी बोटानं चोळली की तिथली हिरडी सरकते, मुळं उघडी पडतात. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत तर रक्त येणं कमी होतं म्हणून आतला रोग झाकला जातो. त्यामुळं "रक्त येत नाही" या प्रमाणपत्रावर मी कधीच सही करत नाही. काकूंच्या दाढांना दोन-तीन मुळं, हिरडी आणि हाड खाली गेलं की मुळांच्या मधली बेचकी उघडी पडते, तिथं कुठलाच ब्रश नीट जात नाही. तोंडात मिश्री ठेवतात त्या जागी पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारं तोंड आलेलं, असं काही आहे का ते बघून घ्या. घरी बघू नका, आणून दाखवा. माझ्याकडंच असं नाही, कुणाकडंही.

---

गंगावेसकर | तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ९:००

ताजी खबर. दाढ काढली, परीक्षेच्या आधीच. आडवी होती, दोन तुकडे करून काढली, पाऊण तास लागला. दोन दिवस दहीभात, आठव्या दिवशी टाके काढले. आज पोरानं मटण खाल्लं, उजवीकडून, पण खाल्लं. दाढ डबीत घालून आणलीय, पुढच्या दाढेला टेकायची त्या अंगाला पिवळट कीट दिसतं. डॉक्टरांनी त्या पुढच्या दाढेमागं सळई घालून पाच म्हटलं, सहा महिन्यांनी पुन्हा मोजणार.

माझा बाहेरचा गडी पण मोजला. सरकलेली हिरडी ३ मिलिमीटर, घट्ट पट्टी १. मऊ ब्रश आणलाय. पेनसारखा धरला की दात घासल्यासारखं वाटतच नाही, सवय व्हायला वेळ लागणार.

आईला नेलं. चट्टा वगैरे नाही, सुटलो. दोन दाढांची बेचकी उघडी आहे, एक हलतेय. डॉक्टरांनी मिश्री सोडा म्हटल्यावर ती शहाण्या मुलीसारखी मान हलवून "व्हय" म्हणाली. घरी आल्यावर डबी माझ्या हातात दिली, मी टाकून दिली.

काल देव्हाऱ्याच्या मागं कापूर शोधत होतो, तर दुसरी डबी सापडली. विचारलं, हे काय? म्हणाली, "ती व्हय? समई घासायची राखुंडी हाय."

---

तालमीतला | रविवार, रात्री ९:०४

बघा, राखुंडी!